फाइलीतला तिसरा भाऊ

आम्ही दोघे जुळे. दादा माझ्याहून अकरा मिनिटांनी मोठा, आणि तेवढ्या अकरा मिनिटांच्या जोरावर तो अडुसष्ट वर्षं मला शहाणपण शिकवतोय. आमचं दुकान वजनकाट्यांच्या दुरुस्तीचं. दादा काटे उघडतो, झिजलेली धार घासतो, दांडी समतोल करतो. तेवढा वेळ गिऱ्हाइकाला बाकावर खिळवून ठेवायचं काम माझं. त्यासाठी बोलावं लागतं, आणि बोलायला नुसतं खरं कधी पुरत नाही. आमच्याकडे एकदा असा नाजूक काटा आला होता की समोर कोणी खोटं बोललं तर त्याची सुई थरथरायची. मालकाने तो चार दिवसांत परत आणून दिला, म्हणाला, धंदा करू देत नाही. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की एक बाई तो काटा विकत घ्यायला आली होती, नवऱ्यासाठी. गल्लीत मला थापाड्या म्हणतात आणि दादाला काटा. दोघांनाही त्याचं काही वाटत नाही.

लहानपणापासून आमची एक रीत आहे. एकाला जमत नाही ते दुसऱ्याने उरकायचं. शाळेत त्याने माझी गणितं सोडवली, मी त्याच्या तोंडी परीक्षा दिल्या. मास्तरांना तोंडावरून कळायचं नाही, आणि आम्ही त्यांना कळवायचो नाही. लग्न तेवढं त्याचं त्याने एकट्याने केलं, कारण वहिनीची हरकत होती. मी त्यांच्याच घरात मागच्या खोलीत राहतो.

तर गेल्या वर्षी दादाच्या नावाने मोठ्या इस्पितळाचं पत्र आलं. पासष्टीच्या पुढच्या माणसांवर संशोधन चाललंय, डिमेन्शिया म्हणजे तो विसरण्याचा आजार सुरू होण्याआधी काही वर्षं रक्तातून आणि मेंदूच्या फोटोतून ओळखता येतो का ते बघायचंय, आपण यावं, सगळं फुकट. अर्ज वहिनीने परस्पर भरला होता. दादाने दोनदा चष्मा वजनांच्या पेटीत ठेवून घरभर शोधला, एवढंच निमित्त. मला पत्राचा पहिल्यापासून संशय. दुकानात फुकट वजन करून देणारा माणूस मी पाहिलाय, त्याची नजर काट्यावर नसते, तुमच्या पिशवीवर असते. मी तसं बोलून दाखवलं. वहिनी म्हणाली, भावजी, त्यांच्या डोक्यातलं काही चोरीला गेलं तर मी तक्रार करीन, तुम्ही काळजी करू नका.

पहिल्या दिवशी प्रश्न विचारले. तारीख सांगा, शब्द लक्षात ठेवा, घड्याळ काढा. दादाने घड्याळ इतकं नेटकं काढलं की त्यांनी भिंतीवर लावलं असतं. नंतर दंडातून रक्ताच्या चार नळ्या घेतल्या. दादाला सुईचं काही नाही, तो बोटात तार घुसली तरी आधी तार वाकली का ते बघतो. दुसऱ्या दिवशी मेंदूचा फोटो. तिथे घोडं अडलं.

दादा लिफ्टमध्ये बसत नाही. सहाव्या मजल्यावर काटा पोचवायचा तर जिन्याने जातो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, व्यायाम. ते यंत्र म्हणजे पांढरा बोगदा, त्यात माणसाला डोक्याकडून सरकवायचं आणि पाऊण तास हलू द्यायचं नाही. दादाने आत पाहिलं, यंत्रावरच्या माणसाला सांगितलं, जरा जाऊन येतो, आणि खालून मला फोन केला. आवाज असा की मला वाटलं वहिनीचं काही झालं.

मी पोचलो तेव्हा तो प्रसाधनगृहाच्या बाहेर भिंतीला टेकून उभा होता. आम्ही आत जाऊन सदरे बदलले. त्याने आपलं ओळखपत्र माझ्या खिशात घातलं आणि बजावलं, तोंड बंद ठेव. यंत्रावरचा माणूस जाडसर, जांभया देणारा. त्याने कार्डावरचा फोटो बघितला, मला बघितलं, जन्मतारीख विचारली. ती मी खरी सांगितली. नाव तेवढं उसनं. अंगात कुठे लोखंड, पट्टी, यंत्र वगैरे आहे का? मी म्हटलं, सगळं मूळचं आहे, तक्रार असेल तर कारखान्याकडे करा. त्याने कानात घालायला पिवळ्या स्पंजच्या गोळ्या दिल्या आणि मला आत ढकललं.

आत काय आवाज, म्हणून सांगू. शंभर लोहार एकमेकांशी भांडतायत असा. दादा असता तर यंत्र घेऊन बाहेर पळाला असता. मी मात्र निम्म्यातच पेंगलो. माझी भीती वेगळी. मला सुई दाखवली की जमीन वर येते. एकदा धनुर्वाताचं इंजेक्शन दुसऱ्याला देताना बघून मी पडलो होतो, आणि त्या दुसऱ्याने मला उठवलं होतं. म्हणजे हिशेब सरळ झाला: सुई त्याची, बोगदा माझा. वहिनीला सांगायचं नाही असं ठरलं, कारण दादा तिच्यासमोर आजवर कशालाच घाबरलेला नाही.

तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. सोबत घरचं माणूस आणा. वहिनी गेली, आणि न बोलावता मीही गेलो. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, केस करडे, बोलणं मोजून मापून. आम्हा दोघांना शेजारी बघून त्या जरा थबकल्या. म्हणाल्या, जुळे आहात हे अर्जात नव्हतं, आम्हाला तर जुळे हवेच असतात, तुम्हीही नाव द्या. मी विचारलं, रक्त काढता? त्या म्हणाल्या, थोडंसं. मी म्हटलं, मग आमच्यातला एक पुरे.

त्यांनी नीट समजावलं. प्रश्नांत दादा चांगला होता. पण मेंदू बिघडायला लागला की एक खराब प्रथिन रक्तात उतरतं, त्याचा अंश त्याच्या रक्तात जास्त होता. आणि आठवणी साठवणारा जो करंगळीएवढा भाग असतो तो फोटोत डाव्या बाजूला आकसलेला दिसत होता. एकेकटं बघितलं असतं तर त्यांनी एवढं मनावर घेतलं नसतं. पण दोन्ही गोष्टी एकत्र घालून संगणक एक आकडा काढतो, आणि दादाचा आकडा वाईट होता. हा आजार नव्हे, त्या म्हणाल्या, आजाराची शक्यता आहे. आता आणखी एक तपासणी करायची. दंडात औषध टोचायचं, मग पुन्हा बोगद्यात झोपायचं, की प्रथिनाची पुटं फोटोत उजळून दिसतात. ती दिसली तर दर पंधरवड्याला सलाइनमधून द्यायचं एक औषध आहे, लवकर दिलं तर उपयोग होतो. मात्र काहींच्या मेंदूला त्याने सूज येते, काहींना आत रक्तस्राव होतो. म्हणून ज्याला गरज आहे त्यालाच द्यायचं.

मी खुर्चीत बसल्या बसल्या हिशेब घातला. रक्त त्याचं, डोकं माझं. मग आजार कोणाचा? आणि पुढच्या तपासणीत सुई आणि बोगदा एकाच माणसाला, एकाच दिवशी. ती काही वाटून घेता येण्यासारखी नव्हती.

एवढ्यात बाईंनी पडद्यावर फोटो फिरवला आणि दादाला विचारलं, लहानपणी डोक्याला मोठा मार बसला होता का? डाव्या कानामागे हाडाला खळी आहे, आतही जुना व्रण दिसतो.

दादा म्हणाला, "नाही."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. म्हणाल्या, पुष्कळांना आठवत नाही. हल्ली डॉक्टर डोक्याचा फोटो बघतात, डोकं बघत नाहीत, नाहीतर तिथेच सगळं उघडं पडलं असतं. वहिनीचा चेहरा उतरला. एवढा मोठा घाव आणि नवऱ्याला पत्ता नाही, असं ती समजली. माझा हात मात्र आपोआप कानामागे निघाला होता, तो मी मध्येच वळवून नाक खाजवलं. ती खळी माझी आहे. केसांत लपते, पण न्हावी दरवेळी तिथे थांबतो.

मी दादाकडे बघितलं. एक डोळा बारीक करील, खाकरेल, काहीतरी इशारा देईल. तो जमिनीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, दादा, आता सांगून टाकू या.

"काय सांगायचं?"

"की बोगद्यात मी गेलो होतो."

तो एका काट्याचा खिळा बसवत होता. वर न बघता म्हणाला, "तू कुठे गेलास? मीच गेलो होतो."

असं म्हणाला, आणि तेही कसं, तर पाव किलोचं माप पाव किलोचं आहे असं सांगतात तसं. मला हसू येईना. माझा भाऊ खोटं बोलत नाही. गुण म्हणून नव्हे, त्याला ते येतच नाही. आईने लपवायला सांगितलेला लाडू तो पाहुण्यांसमोर खिशातून काढून दाखवायचा. मग दोनच गोष्टी शक्य होत्या. एक, तो विसरला. तीन आठवड्यांपूर्वीचा सदऱ्यांचा बदल, फोन, भिंतीला टेकून उभं राहणं, सगळं पुसलं गेलं. म्हणजे आकडा बरोबर निघाला. दुसरी गोष्ट, मी बोगद्यात गेलोच नव्हतो.

हसू नका. माझ्या जागी बसून बघा. मी आजवर इतकं काही बघितलं आहे जे घडलेलं नाही, की त्यात आणखी एका बोगद्याची काय ती भर. थापाड्याच्या डोक्यात बिघाड झाला तर तो ओळखायचा कसा? सरळ माणूस एक दिवस भलतंच बोलायला लागला की घरचे दचकतात. मी भलतंच बोललो तर लोक बाक पुढे सरकवतात.

मी पुरावा शोधला. जुन्या विजारीच्या खिशात पिवळ्या स्पंजच्या दोन गोळ्या सापडल्या. घटकाभर बरं वाटलं. मग आठवलं की दुकानासमोर रस्ता खणत होते तेव्हा तिथल्या मुकादमाकडून मी अशीच एक जोडी मागून आणली होती. रंग कोणता होता ते काही केल्या आठवेना.

तेव्हापासून मी दादावर पाळत ठेवली. मुद्दाम जुन्या गोष्टी विचारायचो. आपल्या बापाने पहिला काटा कोणाकडून घेतला, दुकानाला आधी कोणता रंग होता, आपल्या कुत्रीला किती पिल्लं झाली. तो बिनचूक सांगायचा, वर एक पिल्लू दोन दिवसांनी गेलं हेही सांगायचा. तरी मला वाटायचं, हा शिताफीने झाकतोय. मग माझ्या लक्षात आलं की तोही माझ्यावर पाळत ठेवून आहे. मी गिऱ्हाइकाला गोष्ट सांगायला लागलो की त्याची कानस थांबायची. आज वार कोणता रे, असं सहज विचारायचा, आणि कॅलेंडर त्याच्याच डोक्यावर टांगलेलं. एकदा मी कुलूप लावून निघालो तर मागे वळून त्याने ते ओढून बघितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आणि वहिनी? ती आम्हा दोघांवर. चहाचा कप ठेवायची आणि दारात उभी राहून बघायची, कोण साखर दोनदा घालतो. एका घरात तीन म्हातारी माणसं, तिघंही हेर, आणि राखायला गुपित एकच.

तपासणी पुढच्या मंगळवारी होती. दादा तयार होता. मला तेच खटकत होतं. लिफ्टला घाबरणारा माणूस बोगद्याला हो म्हणतो, याचा अर्थ त्याला आपली भीतीसुद्धा आठवत नाही? आणि समजा फोटोत काही उजळलं, मशीन चुकलं, नाही तर बाईंनी माझ्याच डोक्याच्या फोटोवरून हो म्हटलं, तर त्याच्या शिरेत ते औषध जाणार. चांगल्या मेंदूत रक्त उतरलं तर ते कोणाच्या माथी? गुरुवारी मी दुकानातून ‘बॅटरीचे सेल आणतो’ म्हणून निघालो आणि इस्पितळात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी मला बसवलं, सगळं ऐकून घेतलं. एकदाही मध्ये बोलल्या नाहीत, तेव्हाच मला शंका आली. मी संपवल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, शंभरातून सात वजा करत मागे जाल का?

वहिनीचा फोन आधीच येऊन गेला होता; दुकानातलं आमचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं असणार. भावजी येतील, काहीतरी रचून सांगतील, त्यांची सवयच आहे, मनावर घेऊ नका. बाई मला समजावू लागल्या. जवळच्या माणसाला असा निकाल पचत नाही. मग ते खुलासे शोधतात, आणि कधी कधी आपणच रचलेलं आपल्याला खरं वाटायला लागतं. तोही मेंदूचाच प्रकार असतो. तुम्हीही तपासून घ्या, असं त्या अगदी मायेने म्हणाल्या. मी म्हटलं, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, आता तरी ऐका. त्या म्हणाल्या, छान, पुढे.

आयुष्यात पहिल्यांदा मी कसलाही मसाला न घालता खरं बोलत होतो आणि ते कोणी घेत नव्हतं. एवढे दिवस थापा विनासायास खपल्या, त्याची भरपाई आज एकदम. शेवटी मी उठलो, टेबलाच्या त्या बाजूला गेलो आणि त्यांच्यासमोर डोकं वाकवलं.

"बाई, डाव्या कानामागे बोट लावा."

त्यांना वाटलं असेल हा आता रडणार. तरी बोट लावलं. बोट थांबलं. मग त्यांनी दुसरा हात लावला, केस बाजूला केले. पडद्यावर फोटो आणला, फिरवला, पुन्हा माझं डोकं चाचपलं. फूटपट्टी घेतली. मी वाकलेलाच. माझ्या भावाच्या हातात काटा असताना तो जसा श्वास धरतो तसा त्यांनी धरलेला मला ऐकू येत होता. मग त्यांनी यंत्रावरच्या माणसाला बोलावलं. त्याने मला बघितलं आणि जांभई अर्ध्यावर सोडून म्हणाला, हेच ते, कारखान्याकडे तक्रार करा म्हणणारे.

मला जो आनंद झाला तो फार टिकला नाही. एक तर मी बोगद्यात गेलो होतो हे सिद्ध झालं, म्हणजे दादाचं ‘मीच गेलो होतो’ आता उघड्यावर आलं. आणि दुसरं म्हणजे बाई चिडल्या. मोजून मापून बोलणारी माणसं चिडली की प्रत्येक शब्द पुऱ्या वजनाचा पडतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघांनी मिळून माझ्या फाइलीत एक तिसरा माणूस जन्माला घातलाय. त्याचं रक्त एकाचं, मेंदू दुसऱ्याचा, आणि तो आजारी आहे. मी त्याला औषध द्यायला निघाले होते." मी मान खाली घातली. आधीच खाली होती, आणखी घातली. मंगळवारी दोघांनी यायचं, प्रत्येकाने आपापलं रक्त द्यायचं आणि आपापल्या डोक्याने आत जायचं. प्रसाधनगृहात जाताना बरोबर माणूस असेल.

दुकानात परत आलो तर दादाने विचारलं, सेल कुठेत? मी म्हटलं, बाईंनी माझ्या डोक्याला हात लावला. खळी सापडली. त्याने कानस खाली ठेवली. ती नेहमी फडक्यावर ठेवतो, आज नुसत्या फळीवर ठेवली.

मी त्याला सरळ विचारलं की तू विसरलास की खोटं बोललास. त्याने हात पुसले. मग म्हणाला, खोटं बोललो. आणि तुम्हाला सांगतो, इतकं हायसं मला कशानेच वाटलं नव्हतं, आणि लगेच इतका रागही कधी आला नव्हता. का, म्हणून विचारलं.

"त्यांनी माराचं विचारलं तेव्हाच मला कळलं, की आकसलंय ते तुझं. आणि ते माझ्यामुळे."

मग सगळं बाहेर आलं. आम्ही नऊ वर्षांचे होतो. दुकानाच्या माळ्यावर जुन्या पारड्यांवरून भांडण झालं आणि त्याने मला ढकललं. मी खाली लोखंडी वजनांवर पडलो. दोन दिवस मी शुद्धीत नव्हतो. त्याने बापाला सांगितलं, घसरला. म्हणजे खोटं त्याला तेव्हाही आलं होतं, एकदाच, आणि ते त्याने एकोणसाठ वर्षं सांभाळून ठेवलं. मला त्या पडण्यातलं काही आठवत नाही. त्या खळीबद्दल मी गिऱ्हाइकांना काय काय सांगितलं होतं. एकदा तिच्यात पारवीण अंडं घालून गेली होती. एकदा ती तोफेच्या गोळ्याची होती, तो गोळा आमच्याकडे वजनाला आलेला. प्रत्येक वेळी दादा मागे काम करत असायचा. त्याने कधी हूं की चूं केलं नाही, आणि मला वाटायचं त्याला माझ्या गोष्टी आवडत नाहीत.

मी विचारलं, मग तू कबूल का नाही झालास, सलाइन कशाला घ्यायला निघाला होतास? तो म्हणाला, तुला सुई सोसत नाही. औषध मी घेतलं असतं.

ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत वजन धरणारा माणूस हे म्हणत होता. मी म्हटलं, दादा, औषध तुझ्या दंडात गेलं तर माझ्या डोक्यात कसं येणार? त्याने खरंच विचार केला. कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाला, तेवढं बघितलं नव्हतं. सगळं नेहमी वाटून घेतो, तसं डोक्यात बसलं होतं. आता ह्याला आजार म्हणायचं की भाऊपण, हे ठरवायला डॉक्टरीणबाईंकडेसुद्धा आकडा नसावा. मी मनात नोंद करून ठेवली, संशय म्हणून.

मंगळवारी वहिनी दोघांच्या मधे बसली होती. तिला सगळं सांगितलं होतं, आणि तिने दादाला एकच वाक्य ऐकवलं होतं, की लिफ्टचं मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. दादा बोगद्यात गेला. दोनदा त्याने हातातला रबरी फुगा दाबला आणि दोनदा त्याला बाहेर काढलं. तिसऱ्या वेळी यंत्रावरच्या माणसाने मला आतल्या खोलीत बसवलं आणि आवाज थांबला की माइकवर बोलायची मुभा दिली. मी त्याला आमच्या बापाने हत्ती तोलला ती गोष्ट सांगितली, तुकड्यातुकड्याने. हत्ती दुसऱ्या पारड्यात चढेपर्यंत फोटो पूर्ण झाला. माझं काय सांगू. परिचारिकेने रबर बांधलं तिथपर्यंत मला आठवतं. रक्त त्यांनी मी जमिनीवर असतानाच घेतलं, ते सोयीचं पडलं म्हणे.

निकालाला बाईंनी पंधरा दिवस घेतले. दादाचं डोकं वयाच्या मानाने उत्तम. रक्तातला अंश मात्र पुन्हा जास्त निघाला, तेव्हा त्यांनी दुसरीकडे शोधलं. त्याची मूत्रपिंडं मंद चालतायत, म्हणून ते प्रथिन साचून राहतं. त्यासाठी वेगळ्या डॉक्टरांकडे जायचं, पाणी कसं प्यायचं ते विचारायचं. माझं रक्त ठीक. आकसलेली बाजू जुन्या माराचीच, उजवी बाजू भरलेली. तरी मार बसलेल्या डोक्यावर लक्ष ठेवावं लागतं, तर मी दरवर्षी यायचं. सलाइन कोणालाच नाही. तिसऱ्या भावाला त्यांनी फाइलीतून काढून टाकलं. मला, खरं सांगतो, त्याची थोडी हळहळ वाटली. दोघांचंही दुखणं एकट्याने घेऊन बसला होता बिचारा.

मग बाईंनी माझा अर्ज पुढे ओढला. मार कधी बसला, कसा बसला, हे लिहायचं होतं. दादाने खुर्चीत अंग सावरलं. त्याने तोंड उघडलेलं मी बघितलं. वहिनी शेजारी होती. मी त्याच्या आधी बोललो. सांगितलं, मी नऊ वर्षांचा, माळ्यावर एकटा चढलो, पितळी पारडं डोक्यावर टोपीसारखं घातलं, ते डोळ्यांवर आलं, कड दिसली नाही आणि मी गेलो. दादा खाली होता. त्यानेच मला उचललं.

बाईंनी दादाकडे बघितलं. आमच्या घराण्याचा एवढा अनुभव घेतल्यावर आणखी काय करणार. "असंच झालं का?"

दादा माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "तो सांगतो तर तसंच असेल."

त्यांनी लिहून घेतलं.

जिन्याने उतरताना, कारण आम्ही जिन्यानेच उतरतो, त्याने मला दुसऱ्या मजल्यावर थांबवलं. वहिनी पुढे गेली होती. त्याने हळूच विचारलं, तुला हे खरंच आठवतं? मी ढकलल्याचं नाही आठवत? मी म्हटलं, तू ढकललंस ते भांडण आदल्या दिवशीचं. तू दोन दिवस रडत होतास, तुझ्या डोक्यात दोन्ही एक झाली. त्याने माझं तोंड नीट न्याहाळलं. सुई कुठे थरथरते का ते बघत असावा.

तेव्हापासून त्याचं सुरू आहे. आठ-पंधरा दिवसांनी, कानस चालवता चालवता, सहज म्हणून विचारतो. पारडं पितळी होतं ना? कोणत्या बाजूने पडलास? मी खाली काय करत होतो? मी दरवेळी तेच सांगतो, शब्दाला शब्द, एक काना इकडचा तिकडे होऊ देत नाही. माझी दुसरी कुठलीही गोष्ट मी दोनदा सारखी सांगितलेली नाही, हे त्याला चाळीस वर्षं माहीत आहे. तो ऐकून घेतो, मान हलवतो, आणि पुन्हा कामाला लागण्याआधी कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहतो.